समावेशन सप्ताह, साउंडच्या टेबलावरून

८ जाने., गुरुवार

टेम्पोत बॉक्स चढवताना भटूभाऊंनी सांगितलं, एकोणीसपासून पाच दिवस कॉलेजचं काम. विविधता व समावेशन सप्ताह. विद्यापीठाचं पत्र आलंय म्हणे, करायचाच आहे आणि फोटो पाठवायचे आहेत.

मी विचारलं, कुठलं कॉलेज. माहीत होतं तरी.

"ज्यानी तुले काढी दिन्हं, तेच."

काढलं नव्हतं. मी सोडलं. अकरा महिने हेच सांगतोय सगळ्यांना. कॉलेजचं म्हणणं एवढंच होतं की प्राचार्यांच्या नावे माफीपत्र दे, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. मी दिलं नाही, त्यांनी घेतला नाही. एस.वाय. अर्धं राहिलं. तेव्हापासून भटूभाऊंच्या साउंडवर.

भटूभाऊ म्हणाले, जड जात असेल तर तेव्हा खापरला एका लग्नाचं काम आहे, तिकडे जा. म्हटलं, जातो. दोन बॉक्स चढवले. म्हटलं, नाही, कॉलेजलाच येतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोरी आवळली.

र. तिथं आहे.

१० जाने., शनिवार

या वहीत मागचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एकदाच लिहितो, मग नाही.

र. म्हणजे रमिला पावरा. माझ्या वर्गातली. धडगावच्या वरच्या पाड्यावरची, होस्टेलला राहते. एफ.वाय.ला एन.एस.एस.चं शिबिर तिच्याच भागात होतं. संध्याकाळी समोरच्या उतारावरून तिची आई तिच्याशी बोलत होती. मध्ये अख्खी दरी. र. इकडून उत्तर देत होती, आमच्याजवळ उभी राहून. दोघी ओरडत नव्हत्या. लांब बोलत होत्या. आमच्यापैकी कुणाला तसं जमलं नाही, सगळ्यांनी करून बघितलं, नुसते घसे बसले. माझं तिथून सुरू झालं.

मागच्या फेब्रुवारीत पारंपरिक वेशभूषा दिन. र. स्टेजवर बोलली. प्रतीक सूत्रसंचालनाला होता, तो बाजारपेठेतल्या कापडदुकानाचा. तिचं झाल्यावर त्याने माइकवर तिच्या बोलण्याची नक्कल केली. हॉल हसला. मी तिसऱ्या रांगेतून वर. त्याच्याच हातातला माइक त्याच्या तोंडावर. ओठाला दोन टाके.

मला वाटलं होतं र. निदान...

जिन्यात भेटली. "तुला मी सांगितलं होतं?" एवढंच. चार शब्द. त्यानंतर एकही नाही. मोजायची सवय तेव्हाची.

१३ जाने., मंगळवार

जागा बघायला गेलो. तोच हॉल, तोच पंखा आवाज करणारा. सोनवणे सर अजून सांस्कृतिक प्रमुख. "अरे निलेश! बरं झालं, कामाला लागलास." पाठीवर थाप. या माणसाला वाईट म्हणता येत नाही. तीच पंचाईत.

प्लग कुठे, फेज कुठला, बॉक्स किती, हे चालू असताना र. आली. हातात रजिस्टर. समितीत आहे. मला बघून थांबली नाही, बिचकलीही नाही. भटूभाऊंना म्हणाली, "कॉर्डलेस दोन लागतील, काका."

माझ्याशी नाही, म्हणून मोजले नाहीत.

केस कापलेत तिने.

१४ जाने., बुधवार

संक्रांत. ब्राह्मणपुरीला घरी. तिळगूळ, भाऊबंदांची ये-जा, सगळे विचारतात काय करतोस. माझे वडील, आबा, माझ्या आधी उत्तर देतात, "मशीन वाजवतो." मग केळीच्या घडांवर बोलणं सुरू. जेवताना म्हणाले, फॉर्मची तारीख पेपरात आलीय. दोन फेब्रुवारी शेवटची. एक कागद लिहायला हात मोडतो का.

दुपारी गच्चीवर बसून लिहायला घेतलं.

मा. प्राचार्य महोदय, मी मागील वर्षी झालेल्या प्रकाराबद्दल

प्रकार. पुढे गेलं नाही. पतंग बघत बसलो.

१९ जाने., सोमवार

सप्ताह सुरू. रॅली, उद्घाटन, शपथ. "आम्ही सर्व भिन्न, आम्ही सर्व एक" असं तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतल्यांनी फक्त ओठ हलवले, साउंडच्या टेबलावरून सगळं दिसतं.

बॅनरवर एका आदिवासी बाईचा फोटो, नथनी, गोंदण, डोक्यावर काहीतरी शिंगांसारखं. र. बॅनरखाली उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "सर, ही आमच्यातली नाही. भिलांतलीही नाही. ही इथली कुणाचीच नाही." सर म्हणाले, "अगं, प्रातिनिधिक आहे. भावना बघ." तिने रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं.

प्रतीक टेबलापाशी आला. सांस्कृतिक सचिव आहे यंदा. कागदी कपात चहा ठेवला. "कसा आहेस?" म्हटलं, बरा. "हा डावा बॉक्स घरघरतोय का?" म्हटलं, बघतो. वरच्या ओठावर पांढरी रेघ आहे. मिशी ठेवलीय, तिथे उगवत नाही.

चहा प्यायलो. टाकून देणार होतो.

शब्द: ०.

२० जाने., मंगळवार

मातृभाषा दिन की काय. प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची. अहिराणी, पावरी, भिली, मारवाडी, उर्दू, एका पोराने तेलुगू, त्याचे वडील साखर कारखान्यात होते म्हणे. प्रतीक मारवाडीत आजीचं काहीतरी बोलला, त्याचा आवाजच बदलला, लहान झाल्यासारखा. टाळ्या प्रत्येकाला सारख्याच.

सरांना हुक्की आली, साउंडवाल्या काकांनीही बोलावं. भटूभाऊ मूळचे रनाळ्याचे, अस्सल अहिराणी. माइक तोंडापुढे धरला तर मान मागे घेत म्हणाले, "मी माइक लावस, माइकवर बोलस नही." दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

मग सर माझ्याकडे वळले. आम्ही गुजर, घरी गुजरी बोलतो, ते सरांना माहीत आहे. मी खाली वाकून वायर तपासत बसलो. र. बघत होती असं वाटलं. वर आलो तेव्हा बघत नव्हती.

शब्द: ०.

२१ जाने., बुधवार

आज दिव्यांग विद्यार्थ्यांचा सत्कार. कैलास, बी.कॉम.चा, चाकाच्या खुर्चीवरून येतो. स्टेजला सहा पायऱ्या. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाहुणे बसलेले, शाल-श्रीफळ ताटात, आणि कैलास खाली.

सर म्हणाले, सत्कार खालीच घेऊ, पाहुणे उतरतील. दोन पोरं म्हणाली, उचलून घेतो. कैलास म्हणाला, "उचलू नका. मागच्या वर्षी उचललं होतं तर चप्पल पडली, फोटोत एकच पाय आहे." तो हसत होता. पण खुर्चीची चाकं धरून ठेवली होती.

भटूभाऊ टेम्पोकडे गेले. बॉक्स चढवायच्या आमच्या दोन फळ्या आहेत, सागाच्या, दहा फुटी. त्या आणून पायऱ्यांवर टाकल्या, मध्ये मंडपाची दोरी आवळली, स्वतः आधी वर चालून बघितलं. मला म्हणाले, "तू मांगे ऱ्हाय. ढकलू नको. फक्त ऱ्हाय."

कैलास स्वतः चढला. हळू. चौथ्या पायरीशी चाक थोडं मागे आलं, माझा हात पुढे गेला होता, भटूभाऊंनी खालून माझ्याकडे बघितलं, मी मागे घेतला. चढला तो.

भाषणात पाहुण्यांनी समावेशनाची व्याख्या सांगितली. फळ्यांचा उल्लेख नाही. भटूभाऊ तोवर बाहेर तंबाखू मळत होते.

२२ जाने., गुरुवार

उद्याचा मुख्य कार्यक्रम, त्याची तालीम. पाहुण्या येणार, विद्यापीठातून.

सरांनी ड्रेसवाल्याकडून भाड्याने, डोंगरातल्या होळीत नाचतात त्या बुध्यांचे पोशाख आणलेत. दहा. रंगीत कागद आणि झाडूच्या काड्यांच्या उंच टोप्या, कमरेला बांधायला थर्माकोलचे भोपळे, आणि काळ्या बनियनवर पांढरे ठिपके छापलेले. दहा पोरं नाचणार, त्यांतला डोंगरातला एकही नाही. डोंगरातली पोरं नको म्हणाली. पुढे प्रतीक. र. ने आधी मनोगत वाचायचं, तीन मिनिटं, सरांनी टाइप करून दिलंय, मग नाच.

र. म्हणाली, "सर, हे होळीचं असतं. नवसाचं. पाळणी असते त्याला, नियम पाळावे लागतात."

"माहीत आहे गं. पण पाहुण्या होळीला येणार आहेत का? दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"दहा मिनिटांचं नसतं ते."

"रमिला, तुमचीच संस्कृती पुढे आणतोय आपण. कुणासाठी करतोय हे?"

तिने रजिस्टर मिटलं. सरांना वाटलं पटलं. मला तिच्या खांद्यांवरून कळलं, नाही पटलं.

माझे कान गरम झाले होते. मी माइकचं स्टँड आवळत होतो, आवळून झालेलं. प्रतीक टोपी घालून आरशात बघत होता. त्याच्यापर्यंत पोचायला एक मिनिट लागलं असतं.

तालीम संपल्यावर ती टेबलापाशी आली. माझ्याकडे. सरळ.

"उद्या मी काहीही बोलले तरी तू उठायचं नाही. माइक चालू ठेव, एवढंच."

बारा. अकरा महिन्यांनी बारा. घरी येईपर्यंत सायकलवर तेच.

२३ जाने., शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

हॉल भरलेला. पाहुण्या पहिल्या रांगेत. पडद्यामागे दहा बुध्ये घुंगरू बांधून उभे, खसखस आवाज माइकमध्ये येत होता. भटूभाऊ बाहेर जनरेटरपाशी. टेबलावर मी एकटा. र.चा माइक तीन नंबर.

पुकारलं. आली. लुगडं-बिगडं नाही, रोजचा निळा ड्रेस. टाइप केलेला कागद चार घड्या घालून मुठीत. उघडलाच नाही.

म्हणाली, मी चार वर्षांची होते तेव्हा मला ताप आला. खूप दिवस. धडगावला नेलं, मग शहाद्याला. उतरेना. माझ्या बापाने नवस बोलला, पोरगी राहिली तर पाच होळ्या बुध्या होईन.

सर पहिल्या रांगेतून मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. तळहात खाली, खाली. कमी कर.

मी हात स्लायडरवर ठेवला. कमी नाही केला.

ती सांगत होती. होळीच्या त्या दिवसांत तो खाटेवर बसायचा नाही, जमिनीवर झोपायचा. अनवाणी गावोगाव. स्वतः रांधलं तेवढंच खायचा. आणि बाईमाणसाला शिवायचं नाही, म्हणजे मलाही. मी दारात उभी राहून रडायचे, उचलून घे म्हणून. तो टोपी घालून अंगणात उभा असायचा आणि उचलायचा नाही. माझ्यासाठीच होतं ते सगळं, आणि मलाच उचलायचा नाही. पाच वर्षं.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता.

सर उठले. टेबलाकडेच यायला लागले. पांढराफटक चेहरा, पाहुण्यांकडे बघून हसत, माझ्याकडे बघून दातओठ खात. "बंद कर. अरे बंद कर तो." हात मशीनकडे.

मी उठलो नाही. ते पाळलं. पण माझं डोकं गेलं आणि मी तीन नंबर पूर्ण वर ढकलला. पूर्ण. शिवाय गेनचं, माइकची ताकद वाढवायचं बटणही फिरवलं. ऐका म्हटलं, सगळ्यांनी ऐका, बाहेर रस्त्यापर्यंत ऐका.

माइक किंचाळला. चारही बॉक्स. कानात सुई घातल्यासारखा. लोकांनी कान दाबले. पाहुण्यांनीही. आणि नेमकं त्याच वेळी ती काहीतरी विचारत होती, शेवटचं, सगळं ज्याच्यासाठी सांगितलं ते. ओठ हलताना दिसले. एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही.

मी तिचा आवाज बंद केला. सरांनी नाही.

दोन सेकंद लागले असतील स्लायडर खाली ओढायला. हॉलमध्ये हसू फुटलं, शिट्ट्या. मागच्या फेब्रुवारीसारखंच.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. माइक स्टँडला लावला, व्यवस्थित, बटण बंद करून. पुढे आली, स्टेजच्या कडेला. श्वास घेतला. आणि दरीच्या या बाजूने त्या बाजूला बोलतात तशी बोलली.

ओरडली नाही. लांब बोलली.

"माझ्या तापासाठी बांधली होती त्याने ती टोपी. तुम्ही कुणाच्या तापासाठी बांधली?"

शेवटच्या रांगेत पोचलं. दारात उभ्या शिपायापर्यंत पोचलं. भटूभाऊ सांगतात, जनरेटरपाशीही ऐकू आलं.

खाली उतरली. पायऱ्यांनी, घाई न करता.

पडदा अर्धा उघडला गेला होता, कुणीतरी दोरी ओढली असेल. प्रतीक समोरच उभा, पूर्ण पोशाखात. टोपी काढली त्याने. मग ती कुठे ठेवावी कळेना. जमिनीवर ठेवायला वाकला, थांबला, परत उचलली. पोटाशी धरून तसाच स्टेजवरून उतरला आणि र.च्या मागे गेला. मी टेबलापाशी होतो, मला ऐकू आलं. "ही खाली ठेवली तर चालते का?"

र. ने टोपीकडे बघितलं. म्हणाली, "ती झाडूची आहे. ठेव कुठंही."

नाच झाला नाही. पाहुण्यांनी भाषण केलं, तयार करून आणलेलं. मी माइक नीट ठेवला. एकदाही वाजला नाही.

शब्द: ०.

२४ जाने., शनिवार

सरांचा फोन भटूभाऊंना. लांबून ऐकला. "हो सर. हो. पोऱ्या नवा शे सर." मी दहा महिन्यांचा जुना आहे.

फोन ठेवल्यावर वायरचं दुसरं टोक धरलं. वायर गुंडाळत होतो. मग म्हणाले, "सर सांगे बंद कर. पोर सांगे चालू ठेव. तू तिसरंच करं."

म्हटलं, माझं डोकं गेलं.

"डोकं जास नही तुन्हं. हात जास. डोकं तठेच ऱ्हास, गंमत देखत."

हसू आलं. यायला नको होतं.

मग म्हणाले, बॉक्सच्या समोर माइक आला की आवाज वाढवायचा नसतो, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. वाढवला की बोलणाऱ्याचा जातो, मशीनचाच ऐकू येतो. हे ते साउंडबद्दलच बोलत होते. "जेवना का?" म्हटलं, नाही. डबा पुढे सरकवला. कळण्याची भाकर, ठेचा.

२६ जाने., सोमवार

झेंडावंदन. खालच्या गावातल्या शाळेत एक बॉक्स, एक माइक. पोरं बोलताना माइक तोंडात घालतात. स्लायडर एका बोटाने धरून बसलो. वर नेला नाही.

२७ जाने., मंगळवार

एक स्टँड कॉलेजात राहिलं होतं. आणायला गेलो. (भटूभाऊ म्हणाले होते, राहू दे, मी आणतो. मीच गेलो.)

र. लायब्ररीच्या ओट्यावर. टाळून जाता आलं असतं. ती म्हणाली, "थांब."

"ते किंचाळलं ते तू केलंस ना?"

"हो."

"का?"

"तुझा आवाज वाढवत होतो."

"मी मागितला होता?"

तिने शेजारची जागा दाखवली नाही, पण जायलाही सांगितलं नाही. मी खालच्या पायरीवर टेकलो. चिडलेली नव्हती. चिडलेली असती तर बरं, असं बोलत होती.

म्हणाली, "मागच्या वर्षी मी स्टेजवर काय बोलले होते, सांग."

मी आठवायला लागलो. पिवळी ओढणी आठवली. हातातल्या पाटल्या आठवल्या. माइक तिला थोडा उंच झाला होता, टाचा वर केल्या होत्या, ते आठवलं. काय बोलली ते...

"नाही ना आठवत? प्रतीकला आठवतं. कालच म्हणून दाखवलं त्याने मला, शब्दन् शब्द. नक्कल करायची तर ऐकावं लागतं."

लागलं ते. माइकपेक्षा जास्त लागलं असेल. मी पायरीच्या फटीतलं गवत उपटत बसलो.

पुढे म्हणाली, "वर्षभर मी कोण होते माहितीये? जिच्यावरून मारामारी झाली ती. मेसमध्ये, बसमध्ये, घरी पाड्यावरसुद्धा कळलं. बापाने विचारलं, कोण आहे तो. काय सांगू? प्रतीकचे दोन टाके निघाले आठ दिवसांत."

मी म्हटलं, मी माफीपत्र लिहितोय. प्राचार्यांना.

"प्राचार्यांना कुठं लागलं होतं?"

आणि रजिस्टर उचलून गेली. दारातून परत वळून म्हणाली, "फॉर्म भरायचा तर भर. माझ्यासाठी भरू नकोस."

आज मोजायचं विसरलो. आत्ता आठवून मोजता येतील, पण राहू दे.

२९ जाने., गुरुवार

रागाने कागद फाडण्यात अर्थ नाही, तरी तीन फाडले. एकात "पण तू आधी" असं होतं. दुसऱ्यात "मला राग लवकर येतो" असं होतं, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा राग आहे. तिसऱ्यात र.चं नाव आलं. तिचं नाव येऊ न देता लिहायचं तर दोनच ओळी उरतात.

३० जाने., शुक्रवार

प्रतीकच्या दुकानात. तो गादीवर, वडील जेवायला गेलेले. एका बाईला परकराचं कापड मोजून देत होता. मला बघून मीटरपट्टी हातात तशीच धरली. बाई गेल्यावर मी कागद दिला.

प्रतीक, मी तुला माइकने मारलं. ते चुकलं, तुला दुखलं, त्याबद्दल माफी मागतो. निलेश.

दोनदा वाचला. म्हणाला, "पावती देऊ?" दुकानातली सवय. दोघांनाही हसू आलं, पण नीट नाही, अर्धंच. मग त्याने खरंच कागदाखाली लिहिलं, "मिळाले. प्रतीक." आणि परत दिला. म्हटलं, तुला दिलाय, ठेव. म्हणाला, "तुला लागेल. फॉर्मला काहीतरी जोडावं लागतंच ना."

मिशीवरून बोट फिरवलं. "टाके दुखले नाहीत रे फार. ते लोकं हसली ना, मी पडल्यावर, ते..." ते वाक्य तिथंच सोडलं. मला माहीत नव्हतं की तेव्हाही हसले होते. मी तेव्हा खाली बघत नव्हतो.

निघताना म्हणाला, "मला पण एक द्यायचंय. रमिलाला. म्हणून दाखवलं तिला, पण लिहून नाही दिलं अजून."

मी म्हटलं, तिला विचार लिहून हवंय का. आधी विचार.

असं मी म्हटलं. मी.

२ फेब्रु., सोमवार

शेवटची तारीख. परीक्षा विभागाच्या खिडकीसमोरच्या ओट्यावर बसून लिहितोय, फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागे. वहीत नंतर चिकटवेन.

सकाळी आबांनी मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं. कागद लिहिला का विचारलं. म्हटलं, लिहिला. कुणाला ते विचारलं नाही त्यांनी.

खिडकीवर भाऊसाहेब. फॉर्म बघितला, फोटो बघितला, मग प्रतीकचा कागद. उलटा केला, सुलटा केला.

"हे प्राचार्यांच्या नावे नाही."

"नाही."

"मग हे काय आहे?"

"माफीपत्र. ज्याला मारलं त्याला."

"पण पत्र प्राचार्यांच्या नावे पाहिजे होतं. फाइलला तसंच आहे."

मागच्या वर्षी इथंच खिडकीची जाळी धरून भांडलो होतो. आज जाळीला हात लावला नाही. म्हटलं, प्राचार्यसाहेबांचं काही नुकसान केलं असेल तर सांगा, त्याचंही लिहून देतो. हे उर्मट झालं का, माहीत नाही. मला उर्मट बोलायचं नव्हतं. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मीच टाके घालायला नेलं होतं त्याला, माझ्या गाडीवर," म्हणाले. कागद फॉर्मला टाचणीने लावला. "विचारून येतो. आत सोनवणे सरही बसलेत. बसा."

त्याला आता चाळीस मिनिटं झाली. खिडकी उघडी आहे, खुर्ची रिकामी. पाच वाजता बंद. सव्वाचार झालेत.

मध्ये कैलास गेला समोरून. हॉलमधल्या स्टेजच्या पायऱ्यांवर अजून आमच्याच फळ्या आहेत. भटूभाऊंनी परत आणल्याच नाहीत. आम्ही आता बॉक्स हाताने चढवतो.

र. दिसतेय. मैदानाच्या पलीकडे, होस्टेलच्या ओट्यावर, बादली घेऊन. होळीला घरी जाणार आहे, तिच्या बापाचा यंदा परत नवस आहे, कुणासाठी ते माहीत नाही. प्रतीकला सांगितलं तिने, त्याने मला. मध्ये मैदान, क्रिकेटवाली पोरं, दोन कडुनिंब. तिने बघितलं मला. खिडकी बघितली.

बादली खाली ठेवली.

"निलेश, काय झालं रे?"

अख्ख्या मैदानावरून. ओरडली नाही. क्रिकेटवाले थांबले, सगळे माझ्याकडे बघतायत. बॉलिंगवाला तर हात वर करून तसाच.

काय झालं ते मलाच माहीत नाही. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आत्ता, भाऊसाहेब असतील, नसतीलही. ती वाट बघतेय. मला तसं लांब बोलता येत नाही, एफ.वाय.ला करून बघितलं होतं, घसा बसला होता. पण तिने विचारलंय. लिहिलेलं तिथपर्यंत ऐकू जाणार नाही.

उठतो.